टेबल, आड आणि मोसंबी

परवा चार वाजता चहाला उठणार, तेवढ्यात आमच्या टीममधली नवीन मुलगी डेस्कपाशी येऊन उभी राहिली. जॉईन होऊन जेमतेम तीन महिने झालेत. हातात एक छोटी वही.

"सर, पाच मिनिटं आहेत का?"

मी म्हटलं, आहेत, पण सर म्हणू नकोस, इथं कुणी कुणाला सर म्हणत नाही.

"कामून?" ती पटकन बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

झालं! पुण्यात कुणी 'कामून' म्हटलं की माझे कान उभे राहतात. 'का' नाही, 'का बरं' नाही, थेट 'कामून'. विचारलं तर म्हणाली अंबडची. म्हणजे आमच्याच जालना जिल्ह्यातली. मी भोकरदन तालुक्यातला. त्यानंतर मी आपोआप 'सर'चा 'दादा' झालो आणि पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. :)

वहीत दोन रकाने होते. डावीकडे मीटिंगमध्ये ऐकलेली इंग्रजी वाक्यं, उजवीकडे अर्थ. लो हँगिंग फ्रूट. बॉलपार्क. टच बेस. टेक इट ऑफलाइन. थ्रो अंडर द बस. ग्रँडफादर्ड. एकूण एक्केचाळीस! बहुतेकांचे अर्थ तिनं लिहिलेलेच होते. मी म्हटलं, मग अडचण काय आहे?

"अर्थ फोनवर मिळतो की दादा. पण मी शोधेपर्यंत ते लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. मग मी नुसतीच मान हलवते." थोडं थांबून म्हणाली, "मॅनेजर म्हणाले, टेक्निकली चांगली आहेस, पण कम्युनिकेशनवर काम कर."

हे शेवटचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. २०१३ साली मलाही तेच ऐकवलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी थोडं अघळपघळ बोलू द्या, शनिवार आहे.

आमच्या तालुक्याचा इंग्रजांशी पहिला मोठा संबंध आला तो २३ सप्टेंबर १८०३ ला, आणि तो पार तोफांसकट. असईची लढाई. असई हे गाव भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. तिथं आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला. (पावसाळी गुडघाभर बुटांना 'वेलिंग्टन' म्हणतात तो हाच. आमच्याकडे त्या बुटांची गरज फारशी पडत नाही, ते सोडा.) या लढाईतली एक गोष्ट मला फार आवडते. नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीला दिसलं की दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर वसली आहेत. त्यानं ताडलं की अशी गावं असताना मध्ये येण्याजाण्याची वाट नाही असं होणारच नाही. माणूस पाठवून बघितलं तर उतार होता. फौज तिथूनच पलीकडे गेली.

इंग्रजी भाषेला मात्र आमच्या घरापर्यंत यायला त्यानंतर पावणेदोनशे वर्षं लागली. मधल्या काळात निजामाचं राज्य. आजोबा उर्दूत शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तोवर कागद उर्दूत, घर मराठीत. आजही जालन्याची सगळ्यात प्रसिद्ध म्हण मराठी नाहीच: 'जालना सोने का पालना'. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो.)

आणि या इंग्रजीतला पहिला वाक्प्रचार कोणता? 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'! पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही धड पडेल याची खात्री नाही, अशा गावात चाळीस पोरं छडीच्या तालावर कुत्र्यामांजरांचा पाऊस पाडत होती. गुरुजींना विचारलं, कुत्रीमांजरंच का? गुरुजी म्हणाले, "साहेबाला विचार." पुढे नोकरीला लागल्यावर एक फॉरवर्ड मेल आला. जुन्या काळी इंग्लंडात गवती छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून म्हणे हा वाक्प्रचार. मी तो मेल भक्तिभावानं वीस जणांना पाठवला. नंतर कळलं की ती निव्वळ थाप होती. स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात हे शब्द सापडतात, पण कुत्र्यामांजरांचा पावसाशी नेमका संबंध काय, हे साहेबालाही धड सांगता येत नाही. म्हणजे गुरुजींचं उत्तर तसं बरोबरच होतं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत एकाही अमेरिकन माणसाच्या तोंडून मी ते वाक्य ऐकलेलं नाही.

त्यानंतर जोड्या लावा. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणजे 'अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स'. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' म्हणजे 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज'. मराठी म्हणींना इंग्रजी पोशाख चढवायचा उद्योग जुना आहे. मॅनवेअरिंग नावाच्या पाद्र्यानं मराठी म्हणी गोळा करून, भाषांतरासकट १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून पुस्तक काढलं होतं. आमच्या परीक्षेत या जोड्यांना पाच मार्क असायचे आणि मला पाचपैकी पाच पडायचे. त्यामुळे माझा असा ठाम समज झाला होता की इकडे एक म्हण, तिकडे एक म्हण, मध्ये बरोबरचं चिन्ह. झालं इंग्रजी.

ऑफिसात आल्यावर त्या बरोबरच्या चिन्हाची वाट लागली.

'लो हँगिंग फ्रूट' घ्या. म्हणजे सहज हाताला लागणारं, आधी तोडून घ्यावं असं सोपं काम. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा माणूस वाईट कामाबद्दल बोलतोय. कारण आमची मोसंबीची बाग होती. मोसंबीच्या झाडाला खाली लोंबणारं फळ म्हणजे डोकेदुखी. पावसात मातीचे शिंतोडे उडतात, फळ जमिनीला टेकतं, सडतं, आणि मग सड वर चढते. फांद्यांना टेकू द्यावे लागतात. व्यापारी बाग बघायला आला की आधी वाकून खालचाच माल बघतो आणि तिथंच भाव पाडतो. अण्णांच्या लेखी खालचं फळ म्हणजे काळजी. ज्यानं हा वाक्प्रचार काढला त्यानं फळ खाल्लं असेल, पिकवलं नसेल, असं माझं मत आहे.

मुलीला हे सांगितलं तर ती हसली. तिच्या मामांचीही मोसंबी आहे.

काही शब्दांच्या मागे मात्र भलतंच काही निघतं. आपण दिवसातून दहा वेळा 'डेडलाइन' म्हणतो. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिल इथं कैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत एक रेषा आखलेली असायची. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. किंवा 'ग्रँडफादर्ड'. जुन्या ग्राहकाला जुन्याच दरात ठेवलं की आपण सहज म्हणतो, दे आर ग्रँडफादर्ड इन. ऐकायला कसं प्रेमळ आजोबांसारखं! प्रत्यक्षात १८९० नंतर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मतदानाला साक्षरतेसारख्या अटी घातल्या गेल्या, आणि ज्याच्या आजोबाला मताचा हक्क होता त्याला त्या अटी माफ. काळ्या लोकांचे आजोबा गुलाम होते, त्यांना कुठला मताचा हक्क? १९१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हे कलम मोडीत काढलं. शब्द मात्र राहिला. आता तो आमच्या प्राइसिंग पेजवर आहे.

वहीत 'द होल नाइन यार्ड्स' होतं. म्हणजे सगळं, अथपासून इतिपर्यंत. तिनं उजव्या रकान्यात लिहिलं होतं: 'नऊवारीवरून?' हा प्रश्न प्रत्येक मराठी माणसाला पडतोच, मलाही पडला होता. दुर्दैवानं नाही. १९०७ मधल्या इंडियाना राज्यातल्या एका वर्तमानपत्रात तो सापडतो, आणि पाच वर्षांनी केंटकीत 'होल सिक्स यार्ड्स' सापडतो. म्हणजे सहावारीसुद्धा चालली असती! आकड्याला फारसा अर्थ नव्हताच, असं दिसतं.

पानं उलटता उलटता चौतिसाव्या नंबरला आलो. 'टेबल इट'. उजवा रकाना कोरा होता.

"याचे दोन उलटे अर्थ येतायत दादा. म्हणून काही लिहिलं नाही."

म्हटलं, चल, आधी चहा घेऊ.

मार्च २०१३. मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होतो. अमेरिकन क्लायंट, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातचा कॉल. एका रिपोर्टबद्दल चर्चा चालू होती, डेटा बाहेर काढायची नवी पद्धत हवी की नको वगैरे. वीस मिनिटं घोळ झाल्यावर पलीकडची बाई म्हणाली, "लेट्स टेबल धिस फॉर नाऊ."

आता बघा. माझ्या डोक्यात 'टेबल' कुठून आलं होतं? मराठी पेपरातून. लहानपणापासून वाचत आलोय: अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला, विधेयक पटलावर मांडलं. पटल म्हणजे टेबल. टेबलावर ठेवलं म्हणजे आता त्यावर काम करायचं. ही ब्रिटिश संसदेची रीत, आपल्या विधिमंडळानं तशीच घेतली. वर त्या बाईनं 'नाऊ' म्हटलेलं. म्हणजे आत्ताच! मी लगेच म्हणालो, "शुअर, आय विल टेक केअर." आमच्या बाजूला कॉलवर चौघं होते. एक साताऱ्याचा, एक नांदेडचा, एक इंदूरचा आणि मी. कुणी काही बोललं नाही. त्यांना अर्थ कळला होता का, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

अमेरिकेत टेबलावर ठेवणं म्हणजे बाजूला ठेवणं. विषय बंद, पुन्हा कधीतरी बघू. एकच शब्द, एकच भाषा, अर्थ बरोबर उलटा.

या शब्दावर फसलेला मी एकटाच नाही, एवढा दिलासा मला नंतर मिळाला. दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात (१९५०) चर्चिलनं सांगितलंय. डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरनंतर, ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी वॉशिंग्टनमध्ये बसले होते. ब्रिटिशांना एक कागद तातडीनं चर्चेला घ्यायचा होता, म्हणून ते म्हणाले, टेबल करू. अमेरिकनांनाही तो महत्त्वाचा वाटत होता, म्हणून ते म्हणाले, अजिबात टेबल करायचा नाही. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं. नंतर कळलं की दोघांना एकच हवं होतं. पण त्यांचं भांडण तरी झालं. मी कसला भांडतोय. मी 'शुअर' म्हणून मोकळा झालो.

त्याच संध्याकाळी, कॉलच्या आधी तासभर, अण्णांचा फोन येऊन गेला होता.

मोसंबीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची दोन एकर बाग. अण्णांनी १९९९ साली लावलेली, सव्वादोनशे झाडं. मी तेव्हा शाळेत होतो, खड्डे घ्यायला मदत केली होती. (मदत म्हणजे, हातावर फोड आल्यावर मला सावलीत बसवलं होतं.) पहिला माल पाचव्या वर्षी. माझ्या इंजिनिअरिंगची फी कुठून आली, ते सांगायला नकोच.

मोसंबीला बहार धरायचा तर आधी तिला ताण द्यावा लागतो. म्हणजे महिना-दीड महिना पाणी पूर्ण बंद. पानं मलूल होतात, काही गळतात. मग खत घालून हळूहळू पाणी सोडायचं, त्याला म्हणतात ताण तोडणे. झाड फुलांनी भरून जातं. आमच्या ऑफिसातल्या ताणाबद्दल मी एकदा घरी कुरकुर केली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "आम्ही बी ताण देतो. पण तोडतो बी. तुमच्याकडचे नुसता देतेत."

२०१२ चा पावसाळा गेलाच. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवत असेल. मराठवाडाभर चारा छावण्या, टँकर, लोक बहात्तरच्या दुष्काळाशी तुलना करत होते, आणि जालना जिल्हा त्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी. कडवंचीसारखं एखादं गाव, जिथं नव्वदच्या दशकापासून पाणलोटाचं काम झालं होतं, शेततळी झाली होती, तिथं द्राक्षबागा तगल्या. बाकी जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर बागा वाळल्या. आमची शेतातली विहीर जानेवारीतच कोरडी पडली. अण्णा टँकरनं पाणी घालून झाडं जगवत होते. फळासाठी नाही, नुसतं झाड जिवंत राहावं म्हणून. मृगाचा थोडासा माल झाडांवर होता, लिंबाएवढाच राहिलेला.

तर फोन. अण्णा म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार."

मी हिशोब केला: म्हण. पाच मार्कांची. अर्थ, मुळातच नसेल तर मिळणार कुठून. म्हणजे पैशाची अडचण आहे. म्हटलं, "अण्णा, काळजी करू नका, मी उद्या पैसे टाकतो."

अण्णा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. जमलं तर येऊन जा."

मी म्हटलं, "बघतो. रिलीज आहे."

शनिवार-रविवार मी ऑफिसात होतो. दोन्ही दिवस रात्री अकरापर्यंत. ते रिपोर्टचं काम मी अक्षरशः एकट्यानं पूर्ण केलं, टेस्ट केलं, स्टेजिंगवर टाकलं. पैसेही टाकले घरी, शनिवारी सकाळीच. सोमवारच्या कॉलवर मी छाती फुगवून सांगितलं, "आय हॅव टेबल्ड इट!" पलीकडे शांतता. मग ती बाई म्हणाली, हो, आपण टेबल केलं होतं ना. मग दहा मिनिटं कुणाला काही कळेना. मग कळलं. कुणी ओरडलं वगैरे नाही. अमेरिकन लोक ओरडत नाहीत. मॅनेजरनं नंतर खोलीत बोलावलं आणि ते कम्युनिकेशनचं वाक्य ऐकवलं. पुढे तेच अप्रेझलमध्येही आलं.

मंगळवारी दुपारी आईचा फोन. "मोसंबी काढली रे आज."

मी अजून त्या टेबलाच्याच विचारात होतो. काढली म्हणजे तोडणी झाली, झाडावर होता तेवढा मृगाचा माल गेला. मी विचारलं, "काय भाव लागला?"

आई म्हणाली, "जळणाचा."

मराठीत 'काढणे'चे दोन अर्थ आहेत हे मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. कांदे काढणे, मोसंबी काढणे, बाग काढणे. अण्णांनी सोमवारी जेसीबी सांगितला होता, मंगळवारी दुपारपर्यंत सगळी सव्वादोनशे झाडं मुळासकट बाहेर. लाकडं जळणाच्या भावानं गेली. आईनं अण्णांकडे फोन दिला नाही आणि मी मागितला नाही.

गावी गेलो तो पुढच्या महिन्यात. वाड्यात शिरलो आणि सवयीनं आडापाशी हातपाय धुवायला गेलो. आमच्या वाड्यातला आड जुना, पणजोबांच्या वेळचा. बहात्तरच्या दुष्काळातही त्याला पाणी होतं असं घरात सगळे अभिमानानं सांगायचे. त्याच्यावर लोखंडी पत्रा झाकला होता. पत्रा सरकवून आत पाहिलं. तळाला माती, आणि मातीत पोहरा आडवा पडलेला.

अण्णा शेतातल्या विहिरीला कधीच आड म्हणत नव्हते. कुणीच म्हणत नाही. शेतात विहीर असते, वाड्यात आड. मला ते कळायला हवं होतं. त्या शुक्रवारी अण्णांनी मला म्हण सांगितलीच नव्हती. घरात पाणी संपलं, एवढी साधी बातमी सांगितली होती. वाड्यातला आड आटला म्हणजे टँकरचं पाणी आता माणसांना आणि बैलांना लागणार, झाडांना नाही, म्हणजे बाग काढावी लागणार. शेतकऱ्याच्या कुठल्याही मुलाला हे तीन टप्पे फोनवरच जोडता यायला हवे होते. मी त्यांची जोडी लावली आणि पाचपैकी पाच घेऊन पैसे पाठवले. साहेबाच्या वाक्याचा मी शब्दशः अर्थ घेतला आणि बापाच्या वाक्याची म्हण केली.

आणि 'जमलं तर येऊन जा' तर आमच्या घरात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. अण्णा आयुष्यात कुणाला 'ये' म्हणालेले नाहीत. आजी गेली तेव्हा आत्याला तार नाही, फोन केला होता, तेव्हाही 'जमलं तर येऊन जा' असंच म्हणाले होते. आत्या रात्रीच निघाली.

हे सगळं त्या मुलीला एवढ्या तपशिलात सांगितलं नाही. टेबलापर्यंत सांगितलं, चर्चिलही सांगितला. मोसंबी काढली एवढं सांगितलं. तिनं विचारलं नाही काढली म्हणजे काय. तिला कळलं असावं, २०१३ मध्ये ती अंबडला दुसरी-तिसरीत होती. मामांची बाग तेव्हा राहिली का गेली, हे मीही विचारलं नाही.

"मग इथं काय लिहू?" कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवून ती म्हणाली.

म्हटलं, दोन्ही अर्थ लिही. आणि मीटिंगमध्ये कुणी म्हणालं तर विचार, म्हणजे करायचं का सोडायचं?

"लाज वाटते दादा. त्यांना वाटेल हिला एवढंही येत नाही."

यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. कारण त्यांना तसं वाटतं, हे खरंच आहे. पुढच्या कॉलला मी विचारतो, तू ऐक, असं काहीतरी बोललो. परवाच्या कॉलला विचारलंही. एक जण म्हणाला, "लेट्स नॉट बॉइल द ओशन." मी म्हटलं, सॉरी, म्हणजे यातलं नेमकं काय करायचं नाही? त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि यादीतली तीन कामं काढून टाकली. त्यालाही तोवर माहीत नव्हतं, असं मला वाटलं.

अण्णांनी २०१७ मध्ये शेततळं केलं, खाली प्लास्टिकचा कागद घालून. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली होती, त्यात. पुढच्या वर्षी मोसंबी पुन्हा लावली. दोन एकर नाही, एकच. मी म्हटलं होतं, आता वय झालं, कशाला. तर म्हणाले, "सावली लागती."

बागेचं फोनवर फारसं बोलणं होत नाही आमचं. गेल्या महिन्यात मात्र त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. पाऊस, गुडघे, माझ्या मुलाची शाळा. मग म्हणाले, "ताण तोडलाय परवा. फुलं लागायलेत."

मी म्हटलं, "अरे वा."

"हं. जमलं तर..."

मी मध्येच तोडलं. म्हटलं, "अण्णा, म्हणजे नेमकं काय? येऊ का नको येऊ?"

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग आईचं हसणं ऐकू आलं, म्हणजे फोन स्पीकरवर होता.

"एवढं शिकला," अण्णा म्हणाले, "अन् हे बी इचारावं लागतंय तुला?"

"लागतंय."

"मग ये."

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली. पहाटे जालन्याला उतरलो, तिथून पहिली भोकरदन.